लाल, काळा, लाल, काळा

“तोडू नका सर. आधी लिहून घेऊ.”

मी टेबलाखाली गुडघ्यांवर होतो, दातांत स्क्रू आणि हातात कटर. अशा अवस्थेत कुणी शिकवायला आलेलं माणसाला आवडत नाही. मला तर खुर्चीत बसलेलो असतानाही आवडत नसे. मान वळवून पाहिलं तर राजमणी वाकून उभी होती. चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला, एका हातात चौकटींच्या कागदाचं पॅड, दुसऱ्या हातात पेन्सिल.

“काय लिहून घ्यायचं?”

“वायरींचे रंग. कुठली कुठं जालालीय ते.”

“बाई, हा कॉम्प्युटर आहे. चादर नाही.”

“चादर नाही ते दिसलालंय की,” ती म्हणाली. “पण तोडायच्या आधी लिहून ठेवतो आम्ही. पाच मिनिटं द्या.”

गोष्ट सोलापूरची, अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतली. अठरा वर्षं झाली. नरहरी मालकांचा टॉवेल-चादरींचा कारखाना होता, चाळीस मागांचा. चादरीवरचा मोर किंवा टॉवेलवरचं हॉटेलचं नाव मागाला आपोआप कळत नाही. ते आधी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर भोकं पाडून त्याला सांगावं लागतं. ही भोकं पाडणारं मशीन एका जुन्या परदेशी कॉम्प्युटरवर चालायचं, आणि त्या मशीनचं कार्ड दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरमध्ये बसत नव्हतं. मालकांनी हे सगळं एका बंद पडलेल्या गिरणीच्या लिलावात घेतलं होतं आणि घेतल्यापासून त्याची पूजा चालवली होती. त्याच्यासाठी वेगळी खोली, खोलीला एसी, दाराबाहेर चपला काढायच्या, मॉनिटरवर मार्कंडेय ऋषींची तसबीर, आणि सीपीयूला मखमली झूल. दर खंडेनवमीला चालू करायच्या बटणाला हळदकुंकू लागायचं. ते इतकं साचलं होतं की बटण कुठलं आणि कुंकू कुठलं हे चाचपून बघावं लागे. बाहेर चाळीस मागांवर माणसं घामाने निथळत होती आणि आत यंत्राला थंडी वाजू नये म्हणून झूल होती.

त्या खोलीत बसायची परवानगी एकट्या राजमणीला होती. एकोणीस वर्षं तिने सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात काढली. कापसाची भुकटी छातीत गेली, खोकला कायमचा झाला, आणि डॉक्टरने सांगितलं की आता भुकटीत बसाल तर फार दिवस बसणार नाही. डिझाइनचे नकाशे तिला हाताने काढता येत होते, म्हणून मालकांनी तिला या खोलीत आणलं. अख्ख्या कारखान्यात भुकटी नसलेली ही एकच जागा. हे मला तिनेच पहिल्या दिवशी सांगितलं होतं, अगदी सहज, पंख्याचं बटण कुठं आहे हे सांगावं तसं. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. बायकांच्या खोकल्याची माहिती घेत बसायला मला वेळ नव्हता.

मी म्हणजे आळंगे इंजिनियर. दुकानावर तशी पाटी होती. ‘इंजिनियर’ हा शब्द पेंटरने विचारला म्हणून मी सांगितला. डिप्लोमाचे दोन विषय तेव्हाही राहिलेले होते, आजही राहिलेले आहेत. पण सोलापुरात कॉम्प्युटरचं झाकण उघडणाऱ्या माणसाला त्या काळी सगळे सर म्हणत, आणि मी त्या ‘सर’वर बेहद्द खूश होतो. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, कमरेला मोबाइलचं पाकीट. त्या वेळचा फोटो अजून घरात आहे. बघितला की माझं मलाच त्याच्या कानाखाली वाजवावंसं वाटतं.

त्या दिवशीचं निदान मात्र मी अचूक केलं होतं. कॉम्प्युटर चालू होत नव्हता, पंखा फिरत नव्हता, म्हणजे आतला पॉवर सप्लाय गेला होता. विजेचा डबा म्हणा. भिंतीतली वीज घेऊन तो आतल्या बोर्डाला लागेल तशी वाटून देतो. नवा डबा मी दुकानातून बरोबरच आणला होता. जुना काढायचा, नवा लावायचा, अर्ध्या तासाचं काम. माझी हुशारी तिथेच संपली, पण ते मला माहीत नव्हतं.

डब्यातून वायरींचा एक जुडगा निघतो आणि त्याच्या टोकाला वीस भोकांची पिन असते, दहा-दहाच्या दोन ओळी. ती बोर्डात खोचायची. या जुन्या पिनेची कडी धुळीने अशी आवळली होती की निघता निघेना. म्हणून मी वायरी मागून कापून टाकायच्या आणि पिन पकडीने उपटायची असं ठरवलं. जुना डबा मेलाच होता, त्याच्या वायरींचं कुणाला काय पडलंय.

“घ्या लिहून,” मी म्हणालो आणि स्क्रू तोंडातून काढला. “निबंध लिहा.”

ती खाली बसली. पदर खोचला, चष्मा लावला आणि पेन्सिलच्या टोकाने एकेक वायर बाजूला सारत कागदावर एकेक चौकट भरायला लागली. ओठ हलत होते. मी खुर्चीत बसून एसीचा वारा खात तिची गंमत बघत होतो.

“ही सवय कुठली?” मी विचारलं.

“मागावरचा ताणा संपला की नवा जोडायचा असतो. चार-पाच हजार उभे धागे. जुना आधी कापला आणि लिहिलं नसलं तर कुठला धागा कुठं गाठायचा? एका धाग्याची चूक झाली तर पुढची सगळी चादर चुकते.” तिने मान वर केली नाही. “माझ्या आईनं मला पहिलं हेच शिकवलं. तोडायच्या आधी लिहायचं. आणि कोपऱ्यात आपलं नाव घालायचं.”

“नाव कशाला?”

“चुकलं तर कुणाला विचारायचं ते कळायला.”

तेवढ्यात नरहरी मालक लिंबाच्या सरबताचे दोन ग्लास घेऊन आले. एक माझ्यासाठी, एक त्यांच्यासाठी. पांढरा झब्बा, गळ्यात सोन्याची साखळी, आणि पायात मोजे, कारण त्या खोलीत चप्पल चालत नव्हती. राजमणीचे दोन्ही हात सीपीयूच्या पोटात बघून ते थबकले.

“काय करलालीस गं?”

“रंग लिहून घेते मालक.”

“सर आहेत ना? त्यांना करू दे की. तू कशाला हात घालतीस?”

“असू द्या मालक,” मी उदारपणे म्हणालो. “शिकू द्या त्यांना पण.”

मालक हसले, मीही हसलो. पंधरा दिवसांत हॉटेलचे टॉवेल गेले पाहिजेत, नाव विणायच्या पट्ट्या अजून पाडायच्यात, तेवढं बघा, असं सांगून ते गेले. राजमणीने कागद पुरा केला, कोपऱ्यात नाव आणि तारीख घातली आणि बाजूला झाली.

मी वायरी कापल्या, पकडीने पिन उपटली आणि नवा डबा त्याच्या जागी बसवला. नवी पिन हातात घेतली तेव्हा ती परत वाकली.

“सर, हे जुळत नाही.”

“काय जुळत नाही?”

“जुन्यात पहिली लाल, मग काळी, परत लाल, परत काळी. तुमच्या नव्यात पहिल्या दोन्ही नारिंगी आहेत. नारिंगी तीन दिसलाल्यात वरनं. जुन्यात एकच होती.” तिने कागद माझ्या नाकापुढे धरला. “आणि ही बघा. जुन्याला अजून एक छोटी पिन होती, सहा भोकांची. तीपण आत खोचलेली होती. तुमच्यात तसली नाहीच. मग तिथं काय जाणार?”

आज तिचं ते बोलणं मी आठवतो तेव्हा लक्षात येतं की इतकी नेमकी तक्रार मला पुढे कुठल्या इंजिनियरनेसुद्धा सांगितली नाही. त्या वेळी मला एवढंच ऐकू आलं की एक कांड्या भरणारी बाई मला शिकवते आहे.

“बाई, रंग ही कंपनीची मर्जी असते,” मी म्हणालो. “उद्या ते गुलाबी लावतील. पिन तीच आहे. बघा.” मी पिन बोर्डात दाबली. कडी टक् करून बसली. “बसली की नाही?”

“बसली.”

“मग?”

“बसलंय म्हणजे जुळलंय असं नाही सर. मागाच्या फणीत कुठलाही धागा बसतोय की.”

“आणि ती छोटी पिन जादा असते. नसली तरी चालतं.”

हे मी तिथल्या तिथे बनवून सांगितलं. आत्मविश्वासाने बोललं की समोरचा गप्प बसतो हे मला धंद्यात पहिल्याच वर्षी कळलं होतं. ती फक्त दोन पावलं मागे सरकली. मी कुंकवातलं बटण शोधून दाबलं.

चट् असा आवाज झाला. मोठा नाही, फुटाणा फुटावा तेवढाच. मग बोर्डाच्या कडेने बारीक निळसर धूर वर आला आणि जळक्या प्लास्टिकचा वास खोलीभर झाला. मी भिंतीवरचं बटण बंद केलं, पण ते आता फक्त हाताला काहीतरी काम म्हणून. बोर्ड गेला होता. एका चौकोनी चिपवर काळा डाग पडला होता आणि त्याच्या मध्यभागी चीर.

‘सांगितलं होतं’ असं तरी राजमणीने म्हणायला हवं होतं, म्हणजे मला तिच्यावर ओरडता आलं असतं.

वासामागे मालक धावत आले. मोज्यांमुळे घसरले, दाराला धरून उभे राहिले.

“काय झालं?”

मी उत्तर द्यायला दोन सेकंद घेतले. त्या दोन सेकंदांत माझ्या डोक्यात पाटी आली, पाटीवरचा ‘इंजिनियर’ आला, चाटीगल्लीपासून मंगळवार पेठेपर्यंत बातमी कशी जाईल ते आलं. मग मी बोललो. जे बोललो त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

“शॉर्ट झालं मालक. बाई मघापासून आत हात घालून वायरी हलवत होत्या. तुम्ही बघितलंच.”

मालक तिच्याकडे वळले.

“हात लावलास का वायरींना?”

“लावला,” राजमणी म्हणाली.

झालं. पुढचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. का लावला, कधी लावला, पिन कुणी खोचली, बटण कुणी दाबलं, यातलं काहीही विचारलं असतं तर तिने जसंच्या तसं सांगितलं असतं. पण मालकांना एक सर आणि एक बाई यांच्यातून एकाला दोषी ठरवायचं होतं आणि उत्तर त्यांना आवडेल तसं मिळालं होतं. ते तेलुगूत तिला काहीतरी बोलले. मला भाषा कळत नव्हती, पण स्वर कळला. तिने मध्येच एकदा माझ्याकडे बघितलं. मी स्क्रू मोजत होतो.

“उद्यापासून शिलाईत बस,” शेवटी मालक मराठीत म्हणाले, बहुतेक मलाही ऐकू यावं म्हणून.

शिलाई म्हणजे टॉवेलच्या कडा शिवायचा हॉल. लांब पत्र्याची शेड, तीस मशीन, आणि हवेत चोवीस तास पांढरी भुकटी. हे मालकांना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं.

“मालक, मला तिथं छातीला...” ती म्हणाली.

“मग हात कशाला लावला?”

ती पदर सारखा करून बाहेर गेली. चपला घालायला दाराशी वाकली तेव्हा खोकत होती, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे.

मी आवराआवर केली. जुना डबा, त्याच्या कापलेल्या दोन्ही पिना, सगळं पिशवीत भरलं. “तपासायला नेतो,” मालकांना म्हणालो. तपासायचं काय होतं त्यात? उद्या एखादा शहाणा आला असता आणि जुनी पिन नव्या पिनेशेजारी धरली असती तर त्याला दोन मिनिटांत सगळं कळलं असतं. म्हणून मी पुरावा घेऊन चाललो होतो. टेबलावर तिचा कागद होता. तोही घडी करून पँटच्या खिशात घातला. वाटेत भंगारवाल्याच्या गाड्यावर डबा आणि पिना टाकल्या. कागद फाडायचा राहून गेला. त्या दिवशी माझी सगळी कामं अशीच अर्धवट होत होती.

चौथ्या दिवशी मालकांचा फोन आला. कुठूनही करा, पण मशीन चालू करा, माग थांबलेत. मी पुण्याला गेलो आणि जुन्या बाजारात दिवसभर हिंडून त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा एक नुसता बोर्ड मिळवला. विकणारा माणूस तंबाखू मळत म्हणाला, “सप्लाय आहे ना याचा?”

“कुठलाही लावतो की.”

त्याने माझ्याकडे असं बघितलं जसं मी राजमणीकडे बघितलं होतं.

“कुठलाही लावू नका साहेब. या कंपनीने त्या सालात पिन सगळ्यांसारखीच ठेवली आणि आतल्या वायरी स्वतःच्या क्रमाने लावल्या. दुसरा सप्लाय खोचला की बसतो बरोबर, आणि बोर्ड जातो. रिपेअरिंगवाल्या पोराटोरांनाही माहीत आहे हे.”

मला माहीत नव्हतं. “माहीत आहे,” मी म्हणालो.

“जुना सप्लाय जपून ठेवा. त्याच्यावरून बघून नव्याच्या वायरी बदलून घेता येतात. आणि बोर्ड एवढा एकच आहे माझ्याकडे. परत येऊ नका.”

सोलापूरला येईपर्यंत बसमध्ये मी स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. ज्या भंगारवाल्याला डबा दिला होता त्याला शोधून काढलं. त्याने कधीच वायरी जाळून तांबं काढलं होतं. पिना वितळल्या होत्या. जगात आता त्या क्रमाचा एकच पुरावा उरला होता आणि तो धुण्याच्या ढिगात होता.

बायकोने खिसे तपासताना तो काढून ठेवला होता. “हे काय? कुणाची पत्रिका आहे?” तिने विचारलं. मी हिसकावून घेतला. वीस चौकटी, दहा-दहाच्या दोन ओळी. खाली सहा चौकटी वेगळ्या. पण चौकटींत रंगांची नावं मराठीत नव्हती. तिचं शिक्षण तेलुगू शाळेत चौथीपर्यंत झालं होतं आणि तिने प्रत्येक चौकटीत रंगाच्या नावाचं पहिलं अक्षर तेलुगूत घातलं होतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला नरसिंगची चहाची टपरी होती. सोलापुरात तेलुगू वाचणारा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. त्याने गाळणं खाली ठेवून कागद हातात घेतला आणि पटापट वाचला. लाल, काळा, लाल, काळा. पुढे निळा, पिवळा, जांभळा. मी लिहून घेत होतो. खालच्या ओळीत एका चौकटीपाशी तो अडला. तिथे दोन तिरक्या रेघा होत्या.

“हे अक्षर नाही सर,” तो म्हणाला. “ही खूण आहे त्या बाईची. काय की.”

दोन तिरक्या रेघा. अलीकडे लाल होता, पलीकडेही लाल होता. ‘वरीलप्रमाणे’ म्हणून आपण रेघा मारतो तशा असतील तर तिथेही लाल. नसतील तर देव जाणे काय. आणि बोर्ड एकच होता. पूर्वीचा मी असतो तर अंदाजाने ठोकून दिलं असतं. पण धुराचा वास अजून नाकातून गेला नव्हता. नरहरी मालकांना विचारावं तर ते विचारणार, हा कागद कुणाचा आणि तुमच्याकडे कसा. म्हणजे एकच माणूस उरत होतं.

शिलाईच्या हॉलमध्ये मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. पांढऱ्या शर्टवर लगेच पांढरी भुकटी बसली आणि दिसलीही नाही. तीस मशीनची घरघर, त्यात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जात नव्हतं. राजमणी शेवटच्या रांगेत होती. नाकातोंडावर पदर गच्च बांधलेला, पापण्यांवर भुकटी, चष्मा पुसून पुसून धुरकट झालेला. मी जवळ जाऊन उभा राहिलो. तिने हातातल्या टॉवेलची कड पुरी शिवली, दोरा तोडला आणि मग वर बघितलं.

मी कागद पुढे धरला.

“तुमच्याकडे होता होय,” ती म्हणाली. “मी दोन दिवस शोधलालते.”

मी दोन रेघांवर बोट ठेवलं.

“ही खूण कसली?”

ती पदर खाली ओढून खोकली, परत वर बांधला. तिने मला तिथून हाकलून दिलं असतं तर मी मुकाट्याने गेलो असतो. खोटं सांगितलं असतं तर तेही मला कळलं नसतं. ‘तिथे लाल आहे’ एवढे तीन शब्द म्हटले असते तर तिचा हिशेब चुकता झाला असता आणि माझी पाटी उतरली असती.

“तिथं धागा नाही,” ती म्हणाली. “भोक रिकामं होतं. मोकळं सोडायचं असलं की आम्ही दोन रेघा मारतो. काही जोडू नका तिथं.”

“नक्की?”

हा प्रश्न मी विचारला. त्या बाईला, त्या हॉलमध्ये उभं राहून.

“बोर्ड मिळाला का?” तिने विचारलं.

“मिळाला.”

“मग लवकर करा. माग थांबलेत. माझी जाऊ मागावर आहे, तिला घरी बसवलंय.” तिने पुढचा टॉवेल ओढला. “आणि चालू झालं की पहिली पट्टी तपासून घ्या. तिसऱ्या रांगेत एक भोक कायम कमी पडतंय. ते हातानं पाडावं लागतंय. नवीन माणसाला कळणार नाही.”

मी वळलो. तेव्हा तिने मागून हाक मारली. मशीनच्या घरघरीत ती मोठ्याने बोलू शकत नव्हती, म्हणून मला परत जवळ जावं लागलं.

“सर, मालकांना तेवढं सांगा. पिन कुणी लावली ते. मी सांगितलं तर ऐकणार नाहीत.”

“सांगतो,” मी म्हणालो.

दोन दिवस दुकानाचं शटर अर्धं ओढून मी नव्या डब्याच्या वायरी पिनेतून एकेक उपसल्या आणि तिच्या कागदाप्रमाणे परत भरल्या. दुसऱ्या एका भंगारातून सहा भोकांची पिन मिळवली आणि तीही खालच्या सहा चौकटींप्रमाणे भरली. दोन रेघांचं भोक मोकळं सोडलं. मग कारखान्यात जाऊन नवा बोर्ड बसवला, पिना खोचल्या आणि बटण दाबलं. पंखा फिरला. पडद्यावर अक्षरं आली. पहिल्या पट्टीत तिसऱ्या रांगेत एक भोक कमी पडलं. ते मी हाताने पाडलं. मालकांचे डोळे भरून आले.

“सर, एवढी बारीक गोष्ट पण तुम्हाला कळली.”

मी मान तिरपी करून हसलो. असं हसायला मला छान जमायचं.

टॉवेल वेळेवर गेले. आठवड्याने मालकांनी कारखान्यातच छोटा समारंभ ठेवला. शाल, श्रीफळ, आणि मार्कंडेयाच्या तसबिरीसमोर फोटो. सगळे कामगार अर्धा तास माग थांबवून उभे केले होते. ज्या मालकांनी एका प्रश्नावर माणूस हलवला होता ते माझ्यावर दहा मिनिटं बोलले. आळंगे सर नसते तर कारखाना बसला असता, पुण्या-मुंबईच्या इंजिनियरांना जमलं नसतं ते त्यांनी केलं, वगैरे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “सर, तुम्ही दोन शब्द बोला.”

शिलाईच्या बायका मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. राजमणीने पदर नाकावरून खाली घेतला होता. ऐकायला, असं मला वाटलं. पदराने कान झाकलेले नव्हते, पण तिने तो खाली घेतला खरा.

दोनच शब्द पुरले असते. मी शाल खांद्यावर नीट केली.

“अनुभवाचा भाग असतो,” मी म्हणालो. “बाकी काही नाही.”

टाळ्या झाल्या. तिनेही वाजवल्या की नाही ते मी बघितलं नाही. कॉम्प्युटरच्या खोलीत मालकांचा मेहुणा बसायला लागला होता. राजमणी आणखी दोन वर्षं शिलाईत होती. मग छातीने तिथे बसवेना म्हणून तिने काम सोडलं आणि घरी विड्या वळायला घेतल्या, असं नरसिंगकडून कळलं. कापसाची भुकटी गेली आणि तंबाखूची आली. मी त्यावर चहा संपवला आणि दुकानात गेलो.

दुकान मोठं झालं आहे. त्या सालातल्या त्या कंपनीची मशीनं अजूनही कुठे कुठे गिरण्यांत, छापखान्यांत, प्रयोगशाळांत तग धरून आहेत आणि त्यांचा डबा गेला की लोक माझ्याकडे येतात. इचलकरंजीहून येतात, मालेगावहून येतात, एकदा सुरतहून आले. असल्या मशीनला आळंग्यांशिवाय कुणी हात लावू शकत नाही, असं म्हणतात. मी वायरी उपसतो आणि परत भरतो. आता कागद बघावा लागत नाही. तरी तो भिंतीवर आहे, काचेच्या चौकटीत, माझ्या खुर्चीच्या बरोबर वर. गिऱ्हाइकावर छाप पडते.

गेल्या महिन्यात भिवंडीचा एक तरुण मालक आला होता. काम होईपर्यंत तो चौकटीसमोर उभा राहिला.

“सर, ही भाषा कुठली?”

“तेलुगू.”

“तुम्हाला येते?”

“येते.”

“काय लिहिलंय?”

“लाल, काळा, लाल, काळा,” मी वर न बघता म्हणालो.

तो कौतुकाने हसला. “आणि हे कुणाकडून शिकलात?”

“कुणाकडून नाही. करता करता आलं.”

तो अजून काचेला नाक लावून बघत होता. पोराची नजर चांगली होती. कागदाचा खालचा उजवा कोपरा आत दुमडलेला आहे. चौकटवाला म्हणाला होता की पूर्ण कागद आरामात बसेल, दुमडायची गरज नाही. मीच दुमडून दिला.

“या कोपऱ्यात काय आहे सर?”

“काही नाही,” मी म्हणालो. “तिथं रिकामं आहे.”